दाता बदलतो, हक्क बदलत नाही : अड्यारच्या पंचम शाळांचा धडा

परदेशी माणसांनी आपल्या समाजाला केलेल्या मदतीचा विषय निघाला की दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत आपल्याच काही तरुणांचे. ते म्हणतात, गोरा माणूस आला म्हणून आम्हाला अक्षर दिसले, नाहीतर आम्ही अजून अंधारातच असतो. दुसरे मत मनुवादी छावणीचे. त्यांना परदेशी माणसाने अस्पृश्याच्या पोराला दिलेली पाटीसुद्धा धर्मांतराचे कारस्थान वाटते. वरवर ही दोन्ही मते एकमेकांच्या विरोधात दिसतात, पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. दोन्हींमध्ये आपला माणूस नुसता हात पसरून उभा आहे. त्याला स्वतःचे डोके नाही, मागणी नाही, निर्णय नाही.

आम्ही हे दोन्ही नाकारतो. का नाकारतो ते सांगण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते महाराष्ट्राचे नाही, मद्रासचे आहे. पण त्याचा धागा थेट बाबासाहेबांपर्यंत येतो.

अड्यारचा शेजारी

हेन्री स्टील ऑल्कॉट हा अमेरिकन गृहस्थ. जन्म १८३२ चा. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्याने सैन्यातल्या खरेदीचे घोटाळे शोधून काढले आणि कर्नल ही पदवी मिळवली. लिंकनच्या खुनाच्या चौकशीतही तो होता. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये मादाम ब्लाव्हाट्स्की आणि इतरांबरोबर त्याने थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन केली. १८७९ च्या फेब्रुवारीत दोघे मुंबईत उतरले, गिरगावात राहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी मुंबईतूनच 'थिऑसॉफिस्ट' हे मासिक काढले. १८८० मध्ये दोघांनी श्रीलंकेतील गॉल येथे पंचशील घेतले. १८८२ च्या डिसेंबरात सोसायटीचे बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला गेले. नदीच्या काठी मोठे आवार, झाडी, ग्रंथालय.

या आवाराच्या भोवती परैयार समाजाची वस्ती होती. सरकारी भाषेत त्यांना 'पंचम' म्हणत, म्हणजे चार वर्णांच्या बाहेरचे. त्यातले अनेक साहेब लोकांच्या घरी स्वयंपाकी, माळी, घोडेवाले म्हणून राबत. त्यांच्या मुलांना गावच्या शाळेत जागा नव्हती. १८९४ साली ऑल्कॉटने अड्यारच्या शेजारीच या मुलांसाठी पहिली मोफत शाळा काढली. पुढच्या काही वर्षांत शाळांची संख्या पाचवर गेली. पैसा आला तो देशोदेशीच्या थिऑसॉफिस्टांच्या देणग्यांतून. देखरेखीला अमेरिकेहून शिक्षिका आल्या. १९०२ मध्ये ऑल्कॉटने परैयारांच्या स्थितीवर एक पुस्तिका लिहून जगापुढे ठेवली. १९०७ मध्ये तो अड्यारलाच वारला. त्याच्या नावाची शाळा चेन्नईत आजही चालते.

हा माणूस ढोंगी नव्हता. ज्या शहरात शिकलेले सवर्ण या मुलांची सावली टाळत होते, तिथे एका परक्याने त्यांना बाकावर बसवले. त्याचे ऋण मान्य करायला आम्हाला संकोच वाटत नाही. कृतज्ञता हा बौद्ध गुण आहे. पण कृतज्ञ राहणे म्हणजे प्रश्न न विचारणे नव्हे.

मागणी आधी होती

पहिला प्रश्न असा की, शाळेची कल्पना आली कुठून? इतिहासाची पुस्तके सुरुवात ऑल्कॉटपासून करतात. पण त्याच्या शाळेच्या तीन वर्षे आधी, १८९१ मध्ये, पंडित अयोथी दास यांनी द्रविड महाजन सभा उभी केली होती. अयोथी दास (१८४५-१९१४) हे परैयार समाजातले सिद्ध वैद्य आणि तमिळ पंडित. निलगिरीत झालेल्या या सभेच्या परिषदेने जे ठराव केले त्यांत शिक्षण आणि शिष्यवृत्त्या होत्या, सरकारी नोकऱ्या होत्या, सार्वजनिक विहिरी आणि तळ्यांवर पाणी भरण्याचा हक्क होता, आणि 'पारिया' हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्याला शिक्षा व्हावी ही मागणी होती. हे ठराव काँग्रेसकडेही पाठवले गेले.

म्हणजे समाज झोपलेला नव्हता. त्याची मागणीची यादी तयार होती. त्या यादीतली एकच गोष्ट, प्राथमिक शाळा, परोपकारी शेजाऱ्याने उचलली. विहीर उचलली नाही, नोकरी उचलली नाही. कारण दानातून शाळा देता येते, विहीर देता येत नाही. विहिरीसाठी गावाशी भांडावे लागते.

दुसरा प्रश्न जमिनीचा. १८९१ मध्येच चेंगलपट्टूचा कलेक्टर ट्रेमेनहिअर याने परैयारांवर एक अहवाल सरकारला दिला. त्याने दाखवून दिले की गरिबीचे मूळ आळसात नसून जमिनीच्या मालकीत आहे. मिरासदारांच्या हातात शेती होती, पडीक जमिनीवरही पहिला हक्क त्यांचाच होता. परैयाराची झोपडी ज्या तुकड्यावर उभी, तोसुद्धा बऱ्याच ठिकाणी मालकाचा. तोंड वर केले की घर मोडले. या भागात राहणाऱ्या काही स्कॉटिश आणि वेस्लियन मिशनऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी लोकांना जमिनीचे अर्ज करायला मदत केली आणि सरकारकडे पाठपुरावा केला. १८९२ साली सरकारी हुकूम निघाला. पडीक जमिनी अस्पृश्यांना द्यायच्या, पहिली दहा वर्षे विकायच्या नाहीत आणि नंतर विकल्या तरी त्याच समाजात, अशा अटींवर. या 'पंचमी' जमिनी सुमारे १२ लाख एकर असल्याचे सांगितले जाते.

आता फरक बघा. शाळा दिली तेव्हा कोणी सवर्ण रस्त्यावर आला नाही. जमिनीचा प्रश्न निघाला तेव्हा मिरासदार पेटून उठले. पुढे बहुतेक जमिनी वेगवेगळ्या वाटांनी बिगर-दलितांच्या ताब्यात गेल्या. १९९४ मध्ये चेंगलपट्टू भागातल्या करनै गावी पंचमी जमीन परत मागणाऱ्या आंदोलकांनी त्या जमिनीवर बाबासाहेबांचा पुतळा उभारला, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात दोन कार्यकर्ते शहीद झाले. शंभर वर्षांनंतरही शाळेच्या वर्धापनदिनाला हार मिळतो आणि जमीन मागणाऱ्याला गोळी मिळते. कोणत्या मदतीने व्यवस्थेला धक्का लागतो हे यातून कळते.

श्रीलंकेत एक, मद्रासमध्ये दुसरे

ऑल्कॉटने श्रीलंकेतही शाळांचे काम केले. पण तिथली रीत वेगळी होती. तिथे तो गावोगावी फिरला, बौद्ध लोकांकडूनच शिक्षणनिधी गोळा केला, त्यांची संघटना बांधली. शाळा त्या समाजाच्या झाल्या. कोलंबोचे आनंद महाविद्यालय त्याच चळवळीतून १८८६ मध्ये उभे राहिले. मद्रासच्या परैयारांसाठी मात्र पैसा बाहेरचा, व्यवस्थापन बाहेरचे, निर्णय बाहेरचा. सिंहली बौद्ध हा त्याच्या लेखी धर्मबांधव होता, सोबती होता. परैयार हा दयेचा विषय होता. तोच माणूस, तीच कळकळ, पण समोरच्याकडे बघायची नजर दोन ठिकाणी दोन.

ही नजर बदलायला लावली ती अयोथी दासांनी. १८९८ मध्ये ते आपल्या साथीदारांसह ऑल्कॉटकडे गेले. त्यांनी अन्न मागितले नाही, आणखी शाळा मागितली नाही. त्यांचे म्हणणे असे की आम्ही मूळचे बौद्ध आहोत, बौद्ध होतो म्हणूनच आम्हाला गावाबाहेर ढकलले गेले, आता आम्हाला आमच्या धम्माकडे परत जायचे आहे, त्यासाठी श्रीलंकेच्या संघाशी आमची भेट घालून द्या. ऑल्कॉट त्यांना घेऊन कोलंबोला गेला. विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरोंकडून त्यांनी पंचशील घेतले. परत आल्यावर मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघ स्थापन झाला. त्याच्या शाखा कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांत, रंगूनमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेतही पोचल्या. १९०७ पासून अयोथी दासांचे 'तमिळन' साप्ताहिक निघू लागले.

इथे परदेशी माणसाची खरी उपयुक्तता दिसते. त्याच्याकडे ओळखी होत्या, जहाजाचा मार्ग ठाऊक होता. आपल्या माणसाने त्याचा वापर आपल्या ध्येयासाठी करून घेतला. दिशा अयोथी दासांची, मदत ऑल्कॉटची. याच संघाच्या वर्तुळात प्रा. पी. लक्ष्मी नरसू होते. त्यांनी इंग्रजीत लिहिलेला, बौद्ध धम्माचे सार सांगणारा ग्रंथ १९०७ मध्ये निघाला. तोच ग्रंथ बाबासाहेबांनी १९४८ मध्ये स्वतःची प्रस्तावना जोडून पुन्हा प्रकाशित करवला. अड्यारच्या दानातून नव्हे, परैयारांच्या स्वाभिमानातून निघालेली ही वाट पुढे नागपूरला येऊन मिळते.

तेच आवार, दुसरा अध्यक्ष

ऑल्कॉट गेला आणि १९०७ मध्ये ॲनी बेझंट सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. त्याही परदेशातून येऊन इथे स्थायिक झालेल्या, त्याही 'भारतप्रेमी'. त्यांनी बनारसला सेंट्रल हिंदू कॉलेज काढले होते. पंचम शाळा चालूच राहिल्या. पण १९०९ साली 'इंडियन रिव्ह्यू' मासिकात त्यांनी दलितवर्गाच्या उद्धारावर लेख लिहिला. त्यात त्यांनी अस्पृश्यांच्या मुलांना इतर मुलांच्या शाळेत बसवायला विरोध केला. कारण काय? या मुलांची शरीरे अस्वच्छ, पिढ्यान्पिढ्यांच्या दारूने आणि उग्र अन्नाने दूषित झालेली, म्हणून आधी त्यांना स्वच्छता शिकवावी आणि तोवर वेगळे ठेवावे.

हा लेख बाबासाहेब विसरले नाहीत. १९४५ मध्ये 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात त्यांनी त्यातला मोठा उतारा देऊन बेझंटबाईंना उघडे पाडले. याच बेझंट १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्ष होत्या आणि त्याच अधिवेशनात काँग्रेसने पहिल्यांदा अस्पृश्यांच्या बाजूने ठराव केला होता!

आम्ही विचारतो, अंघोळ करायला पाणी कुठून आणायचे होते? तळे बंद, विहीर बंद, आणि वर अस्वच्छतेचा ठपका. दान देणाऱ्याला गरिबाची घाण दिसते, तळ्याला घातलेले कुलूप दिसत नाही. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर उतरले तेव्हा त्यांनी साबण मागितला नाही, पाण्यावरचा हक्क बजावला. बेझंटबाईंच्या लेखाला याहून चोख उत्तर दुसरे नाही.

आमच्या शीर्षकाचा अर्थ इथे आहे. पंचम मुलगा त्याच बाकावर बसला होता. त्याच्याबद्दलचा विचार मात्र आवाराचा अध्यक्ष बदलताच बदलला. दान हे देणाऱ्याच्या मनावर चालते. हक्क कोणाच्या मनावर चालत नाही.

बाबासाहेबांची कसोटी

दाता परदेशी की देशी, हा प्रश्न दुय्यम आहे हेही लक्षात घ्या. १९३२ मध्ये पुणे करारानंतर जो अस्पृश्यता निवारण संघ निघाला आणि पुढे हरिजन सेवक संघ झाला, त्याचे चिटणीस ठक्कर बाप्पा यांना बाबासाहेबांनी त्याच नोव्हेंबरात लंडनच्या वाटेवर बोटीवरून सविस्तर पत्र लिहिले. त्यात सांगितले की काही व्यक्तींना चांगले वळण लावणे हा एक मार्ग, आणि ज्या परिस्थितीने सगळा समाज चिरडला आहे ती बदलणे हा दुसरा. संघाने दुसरा मार्ग धरावा, विहिरी, शाळा, रस्ते यांवरच्या नागरी हक्कांची मोहीम काढावी, कामाला अस्पृश्य कार्यकर्ते घ्यावेत. या पत्राची पोचसुद्धा मिळाली नाही असे त्यांनी नोंदवले आहे. १९४५ च्या ग्रंथात या संघावरच्या प्रकरणाला त्यांनी 'राजकीय धर्मादाय' असे नाव दिले आणि दयेने मारण्याची योजना असे त्याचे वर्णन केले.

बाबासाहेब मदतीच्या विरोधात नव्हते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. शाहू महाराजांनी 'मूकनायक'ला हात दिला. पण घेतलेल्या मदतीतून त्यांनी समाजासाठी संस्था उभ्या केल्या आणि त्यांच्या चाव्या समाजाच्या हातात ठेवल्या.

आजच्या कार्यकर्त्यांना हे सगळे का सांगतो? कारण आपल्या अनेक छोट्या संस्था परदेशी देणगीवर उभ्या आहेत. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेला असा निधी देण्यावर बंदी आली, आणि वस्तीपातळीवरच्या कामांचे पाणीच तुटले. सरकारचा हेतू काय होता यावर आपण भांडू, भांडलेच पाहिजे. पण आपले अभ्यासवर्ग, आपली वसतिगृहे एका सहीने बंद पडू शकतात, ही आपलीही कमजोरी आहे.

म्हणून कोणतीही मदत घेताना तीन प्रश्न विचारा. मागणी कोणी ठरवली, आपण की त्यांनी? या मदतीने जमीन, पाणी, नोकरी, सत्ता यांपैकी कशाला हात लागतो का? आणि दाता उद्या निघून गेला तर चावी कोणाकडे राहते? तिन्ही उत्तरे आपल्या बाजूची असतील तर मदत अमेरिकेतून येवो की शेजारच्या गल्लीतून, खुशाल घ्या आणि आभार माना. नसतील तर ते दान आपल्याला तिथेच बसवून ठेवणार आहे.

बाबासाहेबांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षेच्या वेळी आपल्याला सांगितले होते की उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्या. विहार बांधताना आपण तो आठवतो, विद्यार्थ्याची फी भरताना विसरतो. वस्तीतली पन्नास कमावती घरे जरी हे नेमाने पाळू लागली तरी एक अभ्यासिका कोणापुढे हात न पसरता चालते. अयोथी दासांकडे मोठा फंड नव्हता. त्यांच्याकडे स्वतःची मागणी होती आणि स्वतःचा संघ होता. आपल्याकडे आज दोन्हींहून जास्त आहे. सुरुवात या महिन्याच्या पगारापासून करूया.

जय भीम, नमो बुद्धाय!