सात वाजताचा भोंगा आणि नव्याण्णव लाख गेमची कॅसेट

(भोंग्याचा आवाज)

हा जो आवाज ऐकलात ना, तो मी मोबाईलवर रेकॉर्ड केलाय. गाव मोहित्यांचे वडगाव, तालुका कडेगाव, जिल्हा सांगली. वेळ संध्याकाळी सात. हा भोंगा वाजला की गावातले टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला परत वाजतो, मग चालू. आजचा भाग या भोंग्याचा आहे, पण सुरुवात करायची तर जपानपासून करावी लागेल. कारण हेडफोन लावून तुम्ही जे ऐकताय, खेळताय, त्याची आमच्या भागातली पहिली इयत्ता म्हणजे टीव्ही गेम.

१५ जुलै १९८३. निन्टेन्डो कंपनीनं जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं मशीन बाजारात आणलं. किंमत १४,८०० येन. आतली मेमरी किती, तर दोन किलोबाईट. तुम्ही व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगचा जो फोटो पाठवता, त्याचा एक कोपराही त्यात मावणार नाही. याच मशीनचा परदेशी अवतार म्हणजे एनईएस. दोन्ही मिळून जगभरात सहा कोटींच्या वर खपली.

आता आमच्या विट्याच्या बाजारात निन्टेन्डोचं मशीन कुणी बघितलं होतं? कुणीच नाही. आपल्याकडे आली ती नक्कल. तैवानच्या कारखान्यांनी फॅमिकॉमच्या चिपा हुबेहूब बनवल्या, आणि त्यावर समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावं चढली. पुढे २००३ च्या आसपास मूळ पेटंटची मुदत संपत आली, तोवर अख्खं मशीन एका चिपेत बसायला लागलं होतं. गंमत बघा, २००३ मध्येच निन्टेन्डोनं जपानात फॅमिकॉमचं उत्पादन थांबवलं. तिकडं मशीन म्हातारं होऊन रिटायर झालं आणि इकडं आम्हाला ते ‘नवीन आलंय’ म्हणून मिळालं.

आमच्या घरी ते आलं कोइमतूरहून. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्याला बाहेर आहेत. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. केरळ, तमिळनाडू, बंगाल, दिल्ली, कुठंही सराफकट्ट्यात जा, मराठी बोलणारा गलाईवाला भेटेल. ही माणसं दिवाळीला, यात्रेला गावी येताना नवलाची वस्तू आणायची. माझे चुलते, तात्या, २००५ च्या दिवाळीला टीव्ही गेम घेऊन आले. सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर लिहिलेलं ‘९९९९९९९ इन १’.

नव्याण्णव लाख, नव्याण्णव हजार, नऊशे नव्याण्णव! आम्ही चुलतभावांनी हिशेब घातला, रोज दहा गेम खेळले तरी जन्म पुरणार नाही. दोन दिवसांत कळलं की गेम आहेत पंधरा-वीस. तोच मारिओ पुढच्या नंबरवर दुसऱ्या लेव्हलपासून, त्याच्या पुढे तिसऱ्या. पुढे कोड लिहायला शिकल्यावर उमजलं की मेन्यू फक्त ‘कुठल्या लेव्हलपासून सुरू’ एवढा आकडा मेमरीत टाकायचा. फसवणूकच, पण डोकं लावलेली.

बंदुकीचं तर विचारू नका. बदकं मारायचा गेम आठवतो? आम्हाला वाटायचं बंदुकीतून काहीतरी टीव्हीत जातं. उलटं आहे! बंदूक मारत नाही, बघते. घोडा दाबला की एक फ्रेम पूर्ण काळी होते, पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. काळ्यानंतर पांढरं दिसलं तर बदक पडलं. आधी काळी फ्रेम का, तर कुणी बल्बकडे बंदूक धरून चिटिंग करू नये म्हणून. हा सगळा वेळेचा हिशेब जुन्या काचेच्या ट्यूबचा. आजच्या एलसीडीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, म्हणून ती बंदूक तिथं आंधळी.

आणखी एक. मूळ गेम सेकंदाला ६० फ्रेम धरून लिहिलेले. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, ५० वाले. त्यांच्यासाठी बनवलेल्या मशीनवर गेम साधारण सहाव्या हिश्श्यानं सावकाश चालायचा, संगीतसुद्धा. म्हणजे आपण ज्या मारिओवर लहानाचे मोठे झालो, तो जपानी पोरांच्या मारिओपेक्षा हळू पळत होता. काँट्रात तीस जीव मिळवायचा तो ‘वर वर खाली खाली’ कोड कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोंनी मुळात दुसऱ्याच गेमसाठी, ग्रेडियससाठी केला. टेस्टिंग करताना त्यांना स्वतःलाच तो गेम झेपेना! इंटरनेट नसताना तो कोड आमच्या गल्लीपर्यंत आला. कसा? माझ्या थोरल्या चुलतभावाला कराडच्या एका पोरानं सांगितला, बास.

पण आमच्या गेमला एक हाडवैरी होता. लोडशेडिंग. २००५ ते २००८ चा काळ, गावाकडं दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नसायची. काँट्राच्या शेवटच्या राक्षसापाशी पोचलोय, आणि गुप्प! सेव्ह करायची सोय नाही. मग काय, शिव्या घालत अंगणात. तिथं आज्जी, शेजारच्या बायका, कंदिलापाशी अभ्यासाला बसलेली पोरं. सगळी गल्ली बाहेर, कारण आत उकडायचं. मला लोडशेडिंगचे गोडवे गायचे नाहीत. माझ्या वडलांनी रात्री दोन वाजता लाईट येते म्हणून थंडीत मोटर चालू करायला जाऊन वर्षं काढलीत. रोमँटिक वगैरे काही नव्हतं त्यात. एवढंच सांगतोय, तेव्हा खेळाला शेवट होता आणि तो आमच्या हातात नव्हता.

पुढचा इतिहास तुम्हाला पाठच आहे, पटकन जातो. २०१५ ला मी कराडला इंजिनिअरिंगला गेलो. होस्टेलवर लॅनची वायर टाकून काउंटर-स्ट्राइक. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, फुकट डेटा, आणि वायरी गुंडाळून ठेवल्या. मग पबजी. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं त्यावर बंदी घातली, ते बीजीएमआय होऊन परत आलं, २८ जुलै २०२२ ला तेही काढलं, २०२३ मध्ये पुन्हा सुरू. मधल्या लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर भरली. शाळा उघडली, पण पोरांच्या हातातला मोबाईल सुटला नाही.

दिल्लीनं बीजीएमआय काढल्यावर तीन आठवड्यांच्या आत वडगावनं आपला भोंगा वाजवला. तारीख १५ ऑगस्ट २०२२. साधारण तीन हजार वस्तीचं गाव, शेतकरी आणि साखर कारखान्यावर काम करणारी माणसं. सरपंच विजय मोहितेंनी कल्पना मांडली तेव्हा पुरुष मंडळींनी आधी हसण्यावारी नेलं. मग महिलांची सभा झाली, बायकांनी आमच्याही मालिका जास्त होतात हे कबूल केलं, आणि ठरलं. भोंगा मंदिरावर बसवला. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून सांगायचे. दंड नाही, ॲप नाही. मला इंजिनिअर म्हणून यातलं आवडलं ते हे, की दिल्लीनं गेम काढला, गावानं गेमला हात लावला नाही. फक्त दीड तास काढून घेतला.

आता माझं. मी पुण्यात एका मोबाईल गेमच्या कंपनीत आहे. नाव सांगत नाही. माझ्या टीमचं काम म्हणजे तुम्ही परत यावं यासाठीचं सगळं. रोजचं बक्षीस, ‘तुमचे मित्र वाट बघतायत’ वगैरे. कुठल्या वेळी नोटिफिकेशन गेलं की जास्त लोक ॲप उघडतात, ते आम्ही मोजतो. संध्याकाळ चांगली असते.

गेल्या दिवाळीत वडगावला आत्तीकडं गेलो होतो. सात वाजले, भोंगा झाला. आत्तीनं नातवाचा मोबाईल घेऊन शोकेसवर ठेवला, मग माझ्याकडं हात केला. “तुझा पण दे बाळा, पाहुणा असलास म्हणून काय झालं?” दिला. नातू गणिताची वही घेऊन माझ्याजवळच बसला. साडेसातला शोकेसवरचा एक फोन थरथरला. माझा नव्हे, नातवाचा.

आत्ती म्हणाली, “ह्या वेळंला कोण असतंय रोज, कुणास ठाऊक.”

नातवानं मान वर केली नाही. “गेमचं असतंय गं आज्जी. साडेसातला येतंयच.”

साडेसातची वेळ मीच लावली होती, जूनमध्ये. मी त्याला विचारलं, कुठलं गणित अडलंय? त्यानं वही सरकवली. साडेआठला भोंगा झाला तेव्हा आमची दोन उदाहरणं राहिली होती. तो म्हणाला, थांब काका, एवढी करूया. तोवर त्याचा फोन अजून एकदा थरथरला.