विंगरपासून मध्यफळीपर्यंत : १९६६ च्या इंग्लंड संघातील कडेच्या खेळाडूंची भूमिका

प्रस्तावना

फुटबॉलच्या इतिहासलेखनात १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघाचा उल्लेख बहुधा ‘विंगरविना जिंकलेला संघ’ असा केला जातो. प्रशिक्षक आल्फ रॅम्से यांनी विंगर मोडीत काढला व तेथूनच खेळातील सौंदर्य ओसरू लागले, असा आरोपही त्यास जोडून येतो. हा आरोप तपासताना एक प्रश्न मूलभूत ठरतो. विंगर नाहीसा झाला, की त्याचे काम इतरांत वाटले गेले? दुसरी शक्यता खरी असेल, तर ते काम कोणाच्या पायांवर पडले हेही पाहणे आवश्यक ठरते.

पूर्वपीठिका

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विंगरचे स्थान निश्चित होते. बाजूच्या रेषेला धरून राहावे, चेंडू मिळताच समोरच्या फुलबॅकला चकवावे आणि गोलसमोर क्रॉस द्यावा, एवढे त्याचे काम. चेंडू प्रतिपक्षाकडे असताना त्याने मागे धावावे, अशी अपेक्षा फारशी नसे. स्टॅन्ले मॅथ्यूज हे या परंपरेचे सर्वोच्च उदाहरण होय. या श्रमविभागणीला मोठा छेद दिला तो ब्राझीलने. १९५८ मध्ये स्वीडनमधील विश्वचषक स्पर्धेत ब्राझीलची रचना कागदावर ४-२-४ अशी होती. परंतु चेंडू गमावताच डावीकडील मारियो झागालो मागे येऊन मध्यफळीतील तिसरा खेळाडू होत असे. उजवीकडील गरिंचा मात्र पूर्णार्थाने विंगरच राहिला. किंबहुना झागालो धावत होता, म्हणूनच संघाला गरिंचाचे स्वातंत्र्य परवडत होते. १९६२ मध्ये चिलीत हीच रचना ४-३-३ म्हणून ओळखली गेली.

रॅम्से यांचा प्रयोग

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्ब्ली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे नमविले, त्या सामन्यात रॅम्से हे इंग्लंडचे उजवे फुलबॅक होते. हंगेरीचा हिदेगकुटी आपली मधल्या आघाडीवीराची जागा सोडून मागे सरकत राहिला आणि त्याच्यावर लक्ष कोणी ठेवावे, हे इंग्लंडला अखेरपर्यंत उमगले नाही. पुढे इप्सविच संघाचे प्रशिक्षक असताना रॅम्से यांनी जिमी लेडबेटर या डाव्या विंगरला असेच मागे खेळविले. लेडबेटर वेगवान नव्हता. परंतु त्याच्यामागे जावे की जागा धरावी, हा पेच प्रतिपक्षाच्या फुलबॅकपुढे कायम उभा राहिला. नवख्या इप्सविचने पहिल्या श्रेणीतील आपल्या पहिल्याच हंगामात, १९६१-६२ मध्ये, विजेतेपद मिळविले.

डिसेंबर १९६५ मध्ये माद्रिद येथे इंग्लंडने पारंपरिक विंगरशिवाय खेळून स्पेनचा २-० असा पराभव केला. तथापि यावरून रॅम्से यांचा निर्णय तेव्हाच झाला होता, असे मानणे घाईचे ठरेल. विश्वचषकाच्या गटसाखळीत उरुग्वेविरुद्ध जॉन कॉनेली, मेक्सिकोविरुद्ध टेरी पेन आणि फ्रान्सविरुद्ध इयान कॅलहन असे तीन विंगर त्यांनी एकेका सामन्यात आजमावले. ‘विंगरविना’ हे बिरुद अशा रीतीने स्पर्धेच्या केवळ उत्तरार्धाला लागू पडते.

अर्जेंटिनाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यापासून उजवीकडे ॲलन बॉल आणि डावीकडे मार्टिन पीटर्स ही जोडी स्थिरावली. नॉबी स्टाइल्स बचावफळीपुढे उभा असे, बॉबी चार्ल्टन मधून पुढे सरके, आणि बॉल व पीटर्स दोन्ही कडा सांभाळत. हे दोघे आत वळले की रिकाम्या झालेल्या कडेने जॉर्ज कोहेन आणि रे विल्सन हे फुलबॅक वर धावत. अर्जेंटिनाविरुद्धचा एकमेव गोल पीटर्सच्या डावीकडून आलेल्या क्रॉसवर जेफ हर्स्टने डोक्याने केला. म्हणजे विंगरचे मूळ काम संपले नव्हतेच.

३० जुलै १९६६ च्या अंतिम सामन्यात हे अधिक स्पष्ट होते. पश्चिम जर्मनीविरुद्धचा दुसरा गोल बॉलच्या कॉर्नरनंतर झाला व तो पीटर्सने केला. अतिरिक्त वेळेत, बदली खेळाडूंची सोय नसताना, २१ वर्षांचा बॉल उजव्या कडेने श्नेलिंगरला मागे टाकत राहिला. आजही वादग्रस्त असलेला हर्स्टचा गोल (चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, यावर आजवर खर्ची पडलेली शाई बॉलच्या धावेच्या वाट्याला आली नाही) त्याच्याच क्रॉसवर झाला.

फुलबॅकवरील भार

मात्र या रचनेची किंमत होती. कडेवर कायमचा विंगर नसल्याने तेथील रुंदी फुलबॅकलाच पुरवावी लागे आणि तितकेच अंतर परतही धावावे लागे. इंग्लंडमधील हवामानात हे शक्य झाले. १४ जून १९७० रोजी मेक्सिकोतील लिऑन येथे, उंचावरील मैदानात आणि भर दुपारच्या उन्हात, त्याच पश्चिम जर्मनीविरुद्ध इंग्लंडने २-० अशी आघाडी घेतली. दुसरा गोल पीटर्सचाच होता. एव्हाना बदली खेळाडूंची मुभा मिळाली होती. जर्मनीने उत्तरार्धात ताज्या दमाचा विंगर युर्गेन ग्राबोव्स्की उतरविला. रॅम्से यांनी चार्ल्टन आणि पीटर्स या दोघांना बाहेर घेतले. दमलेला डावा फुलबॅक टेरी कूपर ग्राबोव्स्कीपुढे एकटा पडला. २-२ अशा बरोबरीनंतर अतिरिक्त वेळेत ग्राबोव्स्कीने कूपरला चकवून उजवीकडून क्रॉस दिला, ल्योरने तो डोक्याने गोलसमोर वळविला आणि गेर्ड म्युलरने तिसरा गोल केला.