आधी काय मोडलं?

सायकल शर्यतीत मोठा अपघात झाला की एक ठरावीक फोटो सगळीकडे फिरतो. रस्त्याच्या कडेला बसलेला स्वार, आणि शेजारी काळ्या कार्बनच्या चाकाचे तुकडे. बघणारा लगेच निकाल देतो, "चाक फुटलं, म्हणून पडला बिचारा." आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माझ्यासारख्याला इथे थांबावंसं वाटतं. चाक फुटलं म्हणून माणूस पडला, की माणूस पडला म्हणून चाक फुटलं? परीक्षेत 'कारणे लिहा' आणि 'परिणाम लिहा' असे दोन वेगळे प्रश्न आम्ही उगाच घालत नव्हतो!

आमच्या नात्यातली दोन-तीन मुलं हल्ली हौसेनं रेसिंग सायकली चालवतात, आणि कोणाची तरी वापरलेली कार्बनची चाकं स्वस्तात घ्यायची भाषा करतात. म्हणून हा विषय जरा मुळापासून वाचून काढला.

आधी चाक समजून घेऊ. बैलगाडीच्या चाकात वजन पेलतात ते खालचे जाड लाकडी आरे. वर तापवून चढवलेली लोखंडी धाव गार होताना आवळते आणि सगळं घट्ट धरून ठेवते. सायकलचं गणित याच्या उलट. १८६९ साली पॅरिसच्या यूजीन मेयरनं तारेच्या आऱ्यांच्या चाकाचं पेटंट घेतलं. तार दाब सोसत नाही, ताण मात्र भरपूर सोसते. म्हणून प्रत्येक आरा आधीच आवळून ठेवायचा. आजच्या शर्यतीच्या चाकात एकेका आऱ्यावर साधारण शंभर किलोचा ताण असतो, आणि असे वीस-चोवीस आरे मिळून रिमला सतत आत ओढत असतात. म्हणजे रिम ही गोल वळवलेली कमानच म्हणा ना! कमानीतला एक दगड निखळला तर काय होतं, ते सांगायला नको.

ही कमान कशाची करायची, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. शर्यतीच्या सायकलींना बरीच वर्षं लाकडी रिम असत. १९३४ च्या टूर द फ्रान्समध्ये आंतोनिन मॅग्नेनं अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम वापरली, आणि ती कोणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून तिला लाकडाचा रंग दिला होता, असं सांगतात. ती शर्यत त्यानं जिंकली. त्यानंतर धातूचं राज्य सुरू झालं ते थेट कार्बन येईपर्यंत. १९६० च्या दशकात जपानमध्ये आणि इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत कार्बनच्या धाग्यांवर काम झालं, ते विमानांसाठी. तिथून ते हळूहळू सायकलीत उतरले. २०१० साली फाबियान कान्चेलारानं पॅरिस-रुबे ही दगडी फरसबंदीवरची, हाडं खिळखिळी करणारी शर्यत कार्बनच्या चाकांवर जिंकली. मग कार्बन नाजूक असतो असं म्हणणाऱ्यांची तोंडं बरीचशी बंद झाली.

मग हे चाक फुटतं का? अ‍ॅल्युमिनियमची रिम खड्ड्यात आपटली की चेपते, वाकते. चाक 'आउट' निघतं, ब्रेकला घासायला लागतं, आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला आरे कमी-जास्त आवळून आउट काढून देतो. त्या वाकण्यातच धक्क्याचा बराचसा जोर खर्च होतो. कार्बन असा वाकून राहत नाही. त्याचे धागे ओढण्याच्या ताकदीत पोलादाला हार जात नाहीत, पण ते एकमेकांना धरून असतात राळेच्या भरवशावर. धाग्यांच्या दिशेनं न येता आडवा घाव बसला की थर एकमेकांपासून सुटतात. मर्यादेपर्यंत रिम स्प्रिंगसारखी परत येते, मर्यादा ओलांडली की तुटते. आणि एका जागी तुटली की आऱ्यांचा तो सगळा ताण तिला आत ओढून घेतो. क्षणात चाकाचं चाकपण संपतं.

त्यात आणखी एक गोष्ट. चाक उभ्या दिशेत मजबूत, आडव्या दिशेत दुबळं. शर्यतीत वीस-तीस जण एकमेकांवर कोसळतात, तेव्हा चाकावर बाजूनं दुसऱ्याचं पेडल येतं, हँडल येतं, सबंध माणूसच येऊन पडतो. असा मार सोसण्यासाठी ते केलेलंच नसतं. तेव्हा ढिगाऱ्यात फुटलेलं चाक दिसलं, तर ते अपघाताचं कारण असण्याऐवजी परिणाम असण्याचाच संभव मोठा.

अर्थात उलटही घडतं. २००६ च्या पॅरिस-रुबेमध्ये अमेरिकेच्या जॉर्ज हिंकापीच्या हातात अचानक हँडल सुटून आलं आणि तो खांद्यावर आपटला. मोडली होती ती फोर्कची अ‍ॅल्युमिनियमची नळी, कार्बन नव्हे! त्याच शर्यतीत तो आधी एकदा पडला होता, आणि नळीला इजा तेव्हाच झाली होती असा निष्कर्ष निघाला. म्हणजे पहिला अपघात दुसऱ्याचं कारण. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूरमध्ये बेल्जियमचा थॉमस डी गेंट पडला, तेव्हा टायर रिमवरून निघालेला दिसला. टायरला धरणारी आतली कड नसलेल्या रिमवर खेळाडूंच्या संघटनेनं बोट ठेवलं, तर बनवणाऱ्यांनी चाक आधी दगडावर जोरात आपटल्याचं सांगितलं. पुन्हा तोच प्रश्न, आधी काय झालं?

या सगळ्यात मला सर्वांत शहाणपणाचा वाटला तो आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा एक नियम. १ जानेवारी २००० पासून सामूहिक शर्यतींत वेगळ्या घडणीच्या चाकांना आधी मंजुरी घेणं सक्तीचं झालं. त्या चाचणीत चाक मुद्दाम मोडून पाहत. चाक कधीच मोडू नये, असा हट्ट त्यात नव्हता. तुकडे बाहेर उडू नयेत, इजा होईल अशी धारदार टोकं निघू नयेत, आणि मोडलं तरी चाक फोर्कमधून सुटू नये, एवढीच अपेक्षा. पुढे चाचण्यांचं स्वरूप बदलत गेलं, पण हा विचार मला फार आवडला. सगळं मोडणारच आहे हे धरून चालायचं, आणि मोडताना दुसऱ्याचा जीव जाऊ नये एवढं बघायचं.

आता आमच्या सायकलवीरांसाठी दोन शब्द. धातू मार खाल्ला की बहुधा तोंडावर दाखवतो. कार्बन पोटात ठेवतो. वरून चकचकीत, आत थर सुटलेले, असं होऊ शकतं. म्हणून पडल्यावर चाक नुसतं फिरवून "काही झालं नाही" म्हणू नका, जाणकाराला दाखवा. आणि वापरलेलं चाक घेताना किमतीची घासाघीस नंतर करा. ते कधी, कुठे, कसं पडलं होतं हे आधी विचारा. सरळ उत्तर मिळालं नाही, तर मुकाट्यानं घरी या.