वैतरणेचे गोड पाणी

अर्नाळा आणि दातिवरे यांच्यामधून समुद्राला मिळणारी वैतरणा आम्हां वसईकरांना परिचित आहे ती खाडी म्हणून. परंतु त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून मोखाड्याच्या सीमेवरून वाहणारी नदीही तीच. जव्हारकडून येणाऱ्या पिंजाळ आणि सूर्या अखेर तिलाच मिळतात. म्हणून खाडीचा इतिहास समजून घ्यायचा, तर डोंगर चढावा लागतो.

मुंबईची तहान वाढत गेली, तसतशी ही नदी अडवली गेली. १८९२ साली तिच्या तानसा या उपनदीवर धरण झाले. १९५७ मध्ये मोडकसागर आणि १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा उभे राहिले. २०१४ साली कोचाळे येथील मध्य वैतरणेच्या १०२ मीटर उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले.

नदी आणि समुद्र यांचा झगडा सनातन आहे. गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की भरतीचे खारे पाणी आत सरकते. वाळूउपशाने पात्र खोल झाले की त्याला आणखी वाट मिळते. तळ्यात असे पाणी शिरले, तर रोहू-कटला तग धरत नाहीत. जिताडा खारे पाणी सोसतो. समुद्राच्या तोंडाशी जन्मलेली त्याची पिले वरच्या गोडसर पाण्यात वाढतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात ती तळ्यांत सोडून वाढवण्याची जुनी रीत आहे. त्यालाही नदीचे गोड पाणी हवेच. वरच्या अंगाला पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढू लागतात, तेव्हा त्यांच्या वाटेत भिंत उभी असते. एकाच भिंतीने कोळी आणि वारली, दोघांच्याही ताटातले हिरावले जाते.

येथे मुंबईला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु धामणीच्या धरणात अडवलेले सूर्येचे पाणी वसई-विरारच्या नळांनाही येते. खाडी खारट झाल्याची तक्रार करणारे आम्ही त्याच नदीचे गोड पाणी पितो. आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवरील माउली हंडा घेऊन टँकरची वाट पाहते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्याच्या शुद्ध पाण्याला मूलभूत मानवी हक्क म्हटले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने एका कुटुंबात आलेल्या आम्हांला हे नवे नाही. तेव्हा नळ उघडताना डोंगरातील त्या माउलीचे स्मरण ठेवावे, आणि पाण्याच्या पुढच्या योजनेची चर्चा निघेल तेव्हा दोन प्रश्न न विसरता विचारावेत : पाड्याला किती, आणि नदीला किती?