पादचारी क्रॉसिंगविषयी हरकती व सूचना

निवासी वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यावर नवे पादचारी क्रॉसिंग आखण्यापूर्वी तेथील रहिवासी, शाळा, दुकानदार, वाहनचालक व पोलीस यांचे म्हणणे मागवण्याची प्रक्रिया महाराष्ट्रात सामान्यतः 'हरकती व सूचना' या नावाने ओळखली जाते. क्रॉसिंगचे प्रकार अनेक आहेत: साधे झेब्रा पट्टे, रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच बांधलेले क्रॉसिंग, सिग्नल असलेले क्रॉसिंग, तसेच पादचारी पूल व भुयारी मार्ग. भारतात क्रॉसिंगपुरती लोकांची मते मागवणे बंधनकारक करणारा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे हे काम ग्रामसभा, महानगरपालिका, वाहतूक पोलीस व जिल्हा रस्ता सुरक्षा समिती यांच्यामार्फत तुकड्यातुकड्याने होते. कोकणातील हातखंब्यासारख्या महामार्गावरील गावांत या व्यवस्थेतील उणिवा अधिक स्पष्टपणे दिसतात.

पूर्वपीठिका

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे झेब्रा क्रॉसिंग इ.स. १९५१ मध्ये ब्रिटनमध्ये अधिकृतपणे वापरात आले. त्याआधी, १९३४ पासून, तेथे पिवळ्या गोलाकार दिव्यांचे खांब उभारून ओलांडण्याच्या जागा दाखवल्या जात. ब्रिटनच्या १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्यातील कलम २३ नुसार नवे क्रॉसिंग करण्यापूर्वी स्थानिक पोलीस प्रमुखांचा सल्ला घेणे आणि जाहीर सूचना देणे आवश्यक ठरले. या कलमात सल्ला पोलिसांचा असून रहिवाशांसाठी केवळ सूचना आहे. घरोघरी पत्रे पाठवून मते मागवण्याची पद्धत पुढे स्थानिक संस्थांनी रूढ केली. तेथील हरकती बहुधा दोन गोष्टींभोवती फिरतात. क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंच्या नागमोडी रेषांवर गाडी उभी करण्यास बंदी असल्याने घरासमोरची पार्किंगची जागा जाते, आणि लुकलुकणाऱ्या दिव्याचा प्रकाश खिडकीतून आत येतो.

भारतातील कायदेशीर चौकट

मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ नुसार सिग्नल नसलेल्या पादचारी क्रॉसिंगजवळ येताना चालकाने वेग कमी करून पादचाऱ्यास वाट देणे बंधनकारक आहे. क्रॉसिंग कोठे असावे हे मात्र त्या रस्त्याची मालकी असलेली यंत्रणा ठरवते. ती ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांपैकी कोणतीही असू शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये उपकलम (१-अ) घालण्यात आले. पादचारी व विनाइंजिन वाहने यांच्या वावराविषयी राज्य सरकारला नियम करता येतील आणि राष्ट्रीय महामार्गांबाबत ते प्राधिकरणाशी विचारविनिमय करून करावेत, अशी त्यात तरतूद आहे. येथेही विचारविनिमय दोन शासकीय यंत्रणांमधला आहे. रस्ता ओलांडणाऱ्याचा उल्लेख नाही.

महामार्गाच्या कामात रहिवाशांचे म्हणणे ऐकण्याची तरतूद आहे, पण ती जमिनीपुरती आहे. राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ च्या कलम ३-क नुसार भूसंपादनाच्या अधिसूचनेनंतर २१ दिवसांत हितसंबंधी व्यक्तीस हरकत घेता येते. एखाद्या कुटुंबाची दोन गुंठे जागा रस्त्यात जात असेल तर त्याची सुनावणी होते. त्याच कुटुंबातील मुलांना शाळेसाठी चौपदरी रस्ता ओलांडावा लागणार असेल, तर त्यासाठी तशी सुनावणी नाही.

मोजणी आणि तिची मर्यादा

क्रॉसिंगची गरज ठरवण्यासाठी भारतीय रस्ते काँग्रेसची पादचारी सुविधांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे (आयआरसी १०३) वापरली जातात. यातील १९८८ च्या आवृत्तीत चौकांच्या मधल्या भागातील क्रॉसिंगसाठी एक प्रसिद्ध निकष होता. गर्दीच्या तासातील पादचाऱ्यांची संख्या गुणिले त्याच तासातील वाहनसंख्येचा वर्ग, हा गुणाकार दुभाजक नसलेल्या रस्त्यावर १० कोटींहून आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर २० कोटींहून अधिक असावा. त्याला पर्याय म्हणून वाहनांचा वेग ताशी ६५ किलोमीटरहून अधिक असणे, पादचाऱ्यांना फार वेळ खोळंबावे लागणे, किंवा वर्षात पाच अगर अधिक पादचारी जखमी झालेले असणे, हीही कारणे ग्राह्य धरली जात.

उदाहरणार्थ, तासाला १,००० वाहने जाणाऱ्या दुभाजकरहित रस्त्यावर शाळेची ६० मुले ओलांडत असतील, तर गुणाकार ६ कोटी येतो आणि निकष पूर्ण होत नाही. मुले तेवढीच ठेवून वाहने १,३०० झाली की तो १० कोटींच्या किंचित वर जातो. म्हणजे रस्ता अधिक धोकादायक झाल्यावरच मुलांची संख्या पुरेशी ठरते.

या मोजणीत केवळ प्रत्यक्ष ओलांडणारे लोक येतात. रस्त्याच्या भीतीने पलीकडच्या दुकानात जाणे सोडलेली वृद्ध व्यक्ती, वळसा घालून मोटारसायकलवर शाळेत सोडले जाणारे मूल, किंवा संध्याकाळनंतर पलीकडच्या वाडीत न जाणाऱ्या स्त्रिया या संख्येत दिसत नाहीत. रस्ता जितका भीतिदायक, तितके पादचारी कमी आणि क्रॉसिंगची 'गरज'ही कागदावर तितकीच कमी. लोकांचे म्हणणे मागवण्याचा खरा उपयोग येथे होतो, कारण कोण रस्ता ओलांडत नाही हे त्या वस्तीलाच ठाऊक असते.

अपघातांच्या नोंदीलाही अशीच मर्यादा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मिळून मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू झाल्यास ते ठिकाण 'ब्लॅक स्पॉट' ठरते. मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत ३२,८२५ पादचारी होते.

ग्रामसभा आणि महामार्ग: हातखंबा

हातखंबा हे रत्नागिरी तालुक्यातील गाव मुंबई-गोवा महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ६६, पूर्वीचा क्रमांक १७) वसलेले आहे. रत्नागिरी शहराकडून येणारा रस्ता येथे महामार्गास मिळतो; या संगमास हातखंबा तिठा म्हणतात. कोल्हापूरकडे जाणारी वाहने तिठ्यावरून पालीपर्यंत मुंबई-गोवा महामार्गानेच जातात आणि तेथून नाणीज, साखरपामार्गे आंबा घाटाकडे वळतात. परिणामी लांब पल्ल्याची अवजड वाहने, रत्नागिरीची स्थानिक वाहतूक आणि एस.टी.साठी थांबलेले प्रवासी एकाच ठिकाणी येतात. या परिसरात अवजड वाहनांचे अपघात वारंवार झाले आहेत.

तिठ्याचे वैशिष्ट्य प्रशासकीयही आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील चौपदरीकरणाचे काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे आहे. मिऱ्या-कोल्हापूर मार्गाचे (राष्ट्रीय महामार्ग १६६) काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. गावातील अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतात आणि वाहतुकीचे नियमन पोलिसांकडे असते. अशा ठिकाणी क्रॉसिंगची मागणी करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो अर्ज कोणाच्या नावे लिहावा, हा.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षात किमान चार ग्रामसभा घेणे आवश्यक आहे आणि नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. क्रॉसिंगसारख्या विषयासाठी ही महिला सभा विशेष महत्त्वाची ठरू शकते, कारण मुलांना शाळेत पोहोचवणे, पाणी, बाजार व दवाखाना यांसाठीची पायपीट बहुतांशी स्त्रियांच्या वाट्यास येते. ग्रामसभेला अंतर्गत रस्त्यांबाबत निर्णय घेता येतो. महामार्गाबाबत ती ठराव करू शकते, परंतु महामार्गावर एक पट्टाही स्वतः आखू शकत नाही. ठराव संबंधित कार्यकारी अभियंत्याकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवावा लागतो. पोलीस, परिवहन व रस्ते यंत्रणा या समितीत एकत्र येत असल्याने दोन महामार्ग मिळणाऱ्या ठिकाणांसाठी तिचा मार्ग अधिक उपयुक्त आहे.

गावांकडून सर्वाधिक मागणी गतिरोधकाची होते. राष्ट्रीय महामार्गांवर गतिरोधक नसावेत असे केंद्रीय मंत्रालयाचे धोरण असल्याने ती बहुधा नाकारली जाते. त्याऐवजी वेगमर्यादेचे फलक, कर्कश पट्ट्या, दिवे, दुभाजकातील थांबण्याची सुरक्षित जागा, पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग सुचवले जातात. भुयारी मार्गास कोकणात पावसाळ्याचा विचार करावा लागतो. निचरा नीट नसेल तर पाणी साचून तो नेमका गरजेच्या दिवसांत निरुपयोगी होतो. पादचारी पुलाच्या पायऱ्या वृद्धांना व ओझे घेऊन चालणाऱ्यांना जड जातात, आणि मग पुलाखालूनच रस्ता ओलांडला जातो. मोजणी कोणत्या दिवसांत केली यानेही निष्कर्ष बदलतात. गणेशोत्सवात चाकरमान्यांमुळे वाहतूक वाढते, तर मे महिन्यात शाळा बंद असल्याने विद्यार्थी मोजणीत येत नाहीत.

शहरांतील पद्धत

पुण्यात वाहतूक पोलीस अनेक बदल प्रथम प्रायोगिक तत्त्वावर लागू करतात आणि नागरिकांच्या लेखी हरकती व सूचना मागवून अंतिम आदेश काढतात. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. त्याआधी, २००६ पासून, अंदाजपत्रकात नागरिकांकडून प्रभागनिहाय कामे सुचवून घेण्याची पद्धत तेथे सुरू झाली होती. पदपथ व तत्सम छोटी कामे त्यातून मांडता येतात. शहरांतील हरकतींत दुकानासमोरचे पार्किंग जाणे हा मुद्दा ठळक असतो. विरोध करणारा दुकानदार आपल्या नुकसानीची जागा बोटाने दाखवू शकतो, तर क्रॉसिंगचा लाभ अनेक लोकांत थोडाथोडा वाटला जातो. त्यामुळे आलेल्या अर्जांची केवळ संख्या मोजल्यास कौल विरोधाकडे झुकण्याचा संभव असतो.

सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश

रस्ता सुरक्षेविषयीच्या एस. राजसीकरन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे म्हटले. ७ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात राज्यांनी कलम १३८ (१-अ) खालील नियम सहा महिन्यांत करावेत, तसेच पदपथ व क्रॉसिंग यांची तपासणी करावी, असे निर्देश देण्यात आले. तपासणीची सुरुवात ५० शहरांपासून करावयाची असल्याने महामार्गालगतची गावे त्या पहिल्या टप्प्यात येत नाहीत.