तळटीप : ‘अलबेला’ची तबकडी

‘अलबेला’ची तबकडी : लेखकाच्या बैहरच्या घरी वाजणाऱ्या या चित्रपटाच्या गाण्यांतल्या जॅझचे मूळ न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांपर्यंत जाते. १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. मायदेशी वर्णभेद सोसलेल्या या वादकांना इथे मान मिळाला. त्यांची विद्या उचलली ती गोव्याच्या वादकांनी. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, ‘अलबेला’त (१९५१) पडद्यावरही वाजवताना दिसतात. ‘अलबेला’चे संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे, शिक्षण नागपूरचे. बैहरही ‘अलबेला’च्या काळी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशातच होते. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत गोव्याच्या या वादकांची नावे क्वचितच येत. म्हणून ही टीप थोडी लांबवली आहे. — संपादक