वस्तऱ्याचे पाणी

शिरपूरचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम अंतरिक्ष पार्श्वनाथाचे देऊळ उभे राहते, आणि ते योग्यच आहे. वाशीम जिल्ह्यातील या गावाच्या नावाला 'जैन' हे शेपूट जोडले गेले ते त्या देवळामुळेच. देशाच्या कानाकोपऱ्यातून साधू-साध्वी येथे पायी येतात. त्यांची मस्तके केशहीन दिसतात, परंतु त्यांना कधी वस्तरा लागलेला नसतो. दीक्षा घेतलेला जैन साधू आपले केस स्वतःच्या हातांनी उपटतो. यालाच केशलोच म्हणतात. दिगंबर मुनींना तर दोन ते चार महिन्यांच्या आत तो करावाच लागतो. अशा गावात बसून मी जुने वस्तरे गोळा करावे, त्यांचा गंज काढावा आणि वर त्यांच्यावर लेखही लिहावा, यातील गंमत मला कळते. पण वस्तऱ्याचा विचार करायला याहून चांगले गाव मला सुचत नाही. कारण काय, ते पुढे येईलच.

हे वस्तरे मला मिळतात भंगारात. आठवडी बाजारात मोडक्या कुलुपांच्या आणि बिजागऱ्यांच्या ढिगात एखादा हाती लागतो. पुण्याच्या जुन्या बाजारात वा मुंबईच्या चोरबाजारात फेरी झाली तर आणखी एक-दोन. विकणाऱ्याच्या लेखी तो किलोवर जाणारा लोखंडाचा तुकडा असतो. घरी आणून तेलात भिजवला, फडक्याने पुसला, की गंजाखालून अक्षरे वर येऊ लागतात. इतिहासाची पहिली ओळ ती. मुकुटासह व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे असली तर राज्य १८३७ ते १९०१ या काळातले. शेफील्डचे नाव असले तर माल विलायती, झोलिंगेनचे असले तर जर्मन. मालावरील खुणांविषयी ब्रिटनने १८८७ साली आणि हिंदुस्थान सरकारने १८८९ साली कायदे केले. त्यानंतर परदेशी मालावर देशाचे नाव ठळकपणे दिसू लागले. तेव्हा 'जर्मनी' हा शब्द बहुधा त्यानंतरचा, असा अंदाज बांधता येतो. मूठही बोलते. शिंगाची मूठ किड्यांनी पोखरलेली असते, हस्तिदंती मूठ पिवळी पडून तडकते, आणि जुन्या सेल्युलॉइडच्या मुठीतून निघणारी आम्ल वाफ शेजारच्या पात्यालाच खाऊन टाकते.

काम सोपे आहे, फक्त घाई चालत नाही. आपल्या भाषेत पोलादाला 'पाणी' असते. ते चढवावे लागते आणि चुकले तर ते उतरते. गंजलेला वस्तरा फिरत्या सहाणेवर धरला की पाते क्षणात तापते. त्यावर निळी झाक आली की पाणी उतरलेच समजावे. मग तो कितीही चकचकीत दिसो, धार म्हणून धरणार नाही. म्हणून बारीक पॉलिशपेपर घ्यावा, हाताने घासावे आणि मधून मधून पाते गार करावे. धारेची युक्ती तर पाहण्यासारखी आहे. निसण्यावर वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवावयाची, म्हणजे कोन आपोआप साधतो. निसण्यावर धार पुढे जाते, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे जाते. पट्ट्यावर उलटे केलेत तर पट्टाही कापला जातो आणि धारही मरते. पाजळणे म्हणतात ते हेच.

पण हे पोलाद आले कोठून? शेफील्डहून, असे उत्तर पात्यावरच कोरलेले आहे. ते खोटे नाही, पण पुरेसे नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन हंट्समन याने शेफील्डजवळ मुशीत पोलाद वितळवण्याची कृती बसवली. आपल्या दख्खनच्या लोहारांना मुशीतले पोलाद त्याच्या कितीतरी शतके आधीपासून ठाऊक होते. मातीच्या मुशीत लोखंड आणि लाकूड-पाला घालून तोंड बंद करायचे, दीर्घकाळ आच द्यायची आणि हळूहळू निववायचे, असा तो प्रकार. शिरपूरहून दक्षिणेला निघालो, पैनगंगा आणि गोदावरी ओलांडल्या, की आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम हे गाव लागते. तेथील पोलाद विकत घ्यायला इराणी व्यापारी येत. १७९४ च्या सुमारास मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी अशा पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध ठेवला. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा हत्यारे घडवणारा कारागीर तर या पोलादावर इतका खूष झाला, की आपले वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे हिंदुस्थानी पोलादाची आहेत आणि ते युरोपातील उत्तम पोलादाहून सरस आहे, अशी जाहिरातच त्याने छापली. पुढे १८२० च्या आसपास मायकेल फॅरडे याच स्टोडार्टबरोबर पोलादाचे प्रयोग करीत होता, आणि आपल्या मिश्रधातूंचे वस्तरे त्याने मित्रांना भेट दिले. कोनसमुद्रमच्या एकाही लोहाराचे नाव मात्र कोणत्याही पात्यावर कोरले गेले नाही. १८६७ साली रेल्वेचे रूळ वऱ्हाडातून नागपुरास पोहोचले. त्या वाटेने आमचा कापूस बाहेर गेला आणि विलायती माल आत आला. ज्या दख्खनने लंडनला वस्तऱ्याचे पोलाद दाखवले, तिच्या उंबरठ्यावर परका शिक्का असलेला वस्तरा विकायला आला.

एवढ्यावर थांबलो तर लेख देशाभिमानाने संपेल आणि वाचकही सुखावेल. पण वस्तरा कारखान्यात जन्मला तरी जगला धोकटीत. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. आमच्याकडे त्याला म्हाली म्हणतात. वर्षभर गावाची डोकी करावी आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा न्यावा. कोणाची हजामत करावयाची हे त्याने नव्हे, गावाने ठरवलेले असे. अस्पृश्य मानलेल्यांना तो वस्तरा लागत नसे. सेवा नाकारण्याचा हा प्रकार कायद्याने दंडनीय ठरायला १९५५ साल उजाडावे लागले. आणि उच्चवर्णीयांच्या घरात एखादी पोर विधवा झाली, की तिच्या मस्तकावर मात्र तोच वस्तरा तिच्या इच्छेविरुद्ध चालवावा लागे. एकाला नाकारायचा आणि दुसरीवर लादायचा, आणि धरणाऱ्या हाताला दोन्हीत मत नाही!

म्हणूनच १८९० सालची मुंबईतील ती सभा मला या साऱ्या इतिहासाचा मध्यबिंदू वाटते. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने शेकडो न्हावी जमले आणि यापुढे विधवांचे केशवपन करणार नाही, असे त्यांनी ठरवले. सुधारकांनी लेख लिहिले, व्याख्याने दिली, त्यांचे मोल आहेच. पण व्याख्यात्याच्या हातात वस्तरा नव्हता. ज्याच्या हातात होता त्याने तो खाली ठेवला, आणि त्यासाठी पदरची मिळकत सोडली. रूढी त्या दिवशी संपली नाही, पुढेही अनेक वर्षे रेंगाळली. तरी हत्यार धरणारा हात 'नाही' म्हणू शकतो, हे सिद्ध झाले.

आता शिरपूरच का, ते सांगतो. साधू केस उपटतो तो अहिंसेसाठी, देहाची ममता सुटावी म्हणून, आणि हत्यारासाठी वा न्हाव्यासाठी कोणावर अवलंबून राहू नये म्हणून. वेदना त्याची आणि निर्णयही त्याचाच. विधवेच्या वाट्याला वेदना आली, निर्णय दुसऱ्यांचा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही मस्तके सारखीच दिसतात. एकात त्याग आहे, दुसऱ्यात जुलूम आहे. हा फरक वस्तऱ्याहून सूक्ष्म आहे, आणि शिरपुरात तो मला रोज आठवतो.

१९८६ साली भारतात एड्सचे पहिले रुग्ण आढळले. त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते हा सलूनचा शिरस्ता होत गेला आणि अखंड पोलादाचे वस्तरे भंगारात आले. मी ते दुरुस्त करतो, पण पार नवे करीत नाही. एकाच बाजूला झिजलेली धार, मुठीवर अंगठ्याने पडलेला खळगा, तुटल्या खिळ्याच्या जागी गावातच ठोकलेली पितळेची तार, या गोष्टी मी तशाच ठेवतो. कारखान्याचे नाव कोरून ठेवायला कारखाना होता. ज्याने तीस-चाळीस वर्षे हे पाते झिजवले, त्याने आपली सही एवढीच मागे ठेवली आहे. ती घासून काढण्याचा अधिकार मला कोणी दिला?